खांद्याचा झिरो

१

टेबलावर पंचवीस वस्तू होत्या. दाब मोजणाऱ्या सेन्सरचे तीन तुकडे. स्क्रू आठ, त्यांतला एक वाकलेला. वॉशर आठ. मुळापासून उपटलेली केबल एक. टोक आत गेलेलं मार्कर पेन एक. अर्धवट वर्तुळ काढलेला कागद एक. निळ्या पुठ्ठ्याची वही एक. चार पानी अहवाल एक. आणि सगळ्यांच्या वर, प्रेतावर चादर घालावी तसा, इंटर्नशिप रद्द करण्याचा फॉर्म एक. फॉर्मवर कुठल्या चौकोनात खूण करून सही करायची ते पेन्सिलीच्या बाणानं दाखवलेलं होतं. बाण दोनदा गिरवला होता.

"इथं," कंपनीचे साहेब म्हणाले आणि बाणावर बोटही ठेवलं.

साहेबांसमोर बसलेली बाई कॉलेजातून आली होती. मापन प्रयोगशाळेत ती शिकवायची, आणि विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपवर देखरेख ठेवायचं काम कोणालाच नको होतं म्हणून तेही तिच्याच गळ्यात पडलं होतं. मुलं तिला मोजपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. नावाला नाव ठेवण्यासारखं त्यात काही नाही, असं तिचं मत होतं.

"हे पेन कशाला ठेवलंय?" तिनं विचारलं.

"ते काही नाही हो. ट्रेमध्ये पडलं होतं, सगळं उचलून आणलं. त्याचा संबंध नाही."

"मग टेबलावर का?"

साहेब हसले. ज्यांना उत्तर द्यायचं नसतं ती माणसं हसतात तसं. "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीनं रोबोच्या हाताला चुकीचा बिंदू शिकवला. हात नऊ मिलिमीटर जास्त खाली आला. सेन्सरचा चुरा. अहवालात सगळं आहे. आम्ही पोलिसात जात नाही, बोभाटा करत नाही. फक्त फॉर्म चार वाजेपर्यंत पाठवायचा आहे."

त्यांच्या मागच्या भिंतीवर कंपनीचं माहितीपत्रक चौकटीत लावलेलं होतं. 'देशोदेशीची तरुणाई, उद्याचे रोबो.' मुखपृष्ठावर तीच मुलगी होती, पिवळं हेल्मेट घालून हसणारी. असलं हेल्मेट या इमारतीत कोणी वापरत नाही हे मोजपट्टीला माहीत होतं. फोटोवाल्यानं ते सोबत आणलं असणार.

सकाळीच कॉलेजातून तिच्या विभागप्रमुखांचा फोन आला होता. कंपनी दरवर्षी अकरा मुलं घेते, उगाच काड्या घालू नकोस, सही कर आणि ये.

फॉर्म गेला की मुलीचं सत्र बुडणार होतं. ती परदेशी. इंटर्नशिप संपली की राहण्याचा परवाना संपतो, आणि परवाना संपला की सामान आवरायला चौदा दिवस. तीन वर्षांचं शिक्षण चौदा दिवसांत दोन बॅगांत भरायचं.

"अहवाल कोणी लिहिला?"

"चाचणी विभागाच्या प्रमुखांनी. आमचा सगळ्यांत अनुभवी माणूस."

"आणि मुलीचं म्हणणं कितव्या पानावर आहे?"

साहेबांनी चारही पानं उलटली. मग पुन्हा उलटली.

२

मुलगी बाहेरच्या बाकावर सकाळी आठपासून बसली होती. तिला कोणी पाणीही विचारलं नव्हतं. मोजपट्टी आली तशी ती उठून उभी राहिली. उंच होती, मोजपट्टीपेक्षा चांगली चार बोटं. भाषा शिकून बोलणाऱ्या माणसासारखं, एकेक शब्द तपासून घेत ती बोलायची.

"मॅडम, मी काही लिहून देऊ का? दादा फोनवर म्हणतो, माफी माग आणि विषय संपव."

"कशाची माफी?"

"ते तो विचारत नाही."

"मग मी विचारते. बिंदू कधी शिकवलास?"

"मागच्या शुक्रवारी. हात सेन्सरच्या वर नेला, थांबवला, ती जागा साठवली. टेबलापासून चौसष्ट मिलिमीटर. तीन वेळा चालवून बघितलं, तिन्ही वेळा बरोबर. वहीत आहे."

"साहेब म्हणतात, वहीत कोणीही काहीही लिहील."

"हो. मला तेच म्हणाले." मुलीनं ओठ घट्ट मिटले. "मग बुधवारी दुपारी तोच प्रोग्रॅम चालवला. एक आकडाही बदलला नाही. हात आला आणि सेन्सरमध्ये घुसला. मी लाल बटण दाबलं, पण उशीर झाला."

"शुक्रवार आणि बुधवार यांच्यामध्ये?"

"शनिवार-रविवार इमारतीची वीज बंद होती, दुरुस्तीसाठी. सोमवारी मला स्टोअरमध्ये केबली वेगळ्या करायला बसवलं. दिवसभर. मंगळवारी पाहुणे आले. मला त्यांच्यासोबत फोटोत उभं केलं." तिनं श्वास घेतला. "मॅडम, मी चुका करते. पण मी अर्ध्या मिलिमीटरच्या चुका करते. नऊच्या नाही."

मोजपट्टीनं वही उघडली. पानापानावर बारीक, सरळ आकडे. एकाही आकड्यावर खाडाखोड नव्हती असं नाही. खाडाखोड होती, आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी कारण लिहिलेलं होतं. वीस वर्षांत तिनं अशा वह्या पाच पाहिल्या असतील. खोटं लिहिणारी माणसं खाडाखोड करतच नाहीत.

पण हे ती कोणाला सांगणार होती? साहेबांना? त्यांनी आयुष्यात वही उघडली असेल ती सही करायला.

"इथंच बस," ती म्हणाली. "आणि माफी कोणाचीही मागू नकोस."

"चार वाजता काय होईल?"

मोजपट्टीनं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. ती चाचणी विभागाकडं निघाली.

३

चाचणी विभाग म्हणजे एक लांबलचक दालन. मध्ये कमरेएवढ्या चौथऱ्यावर रोबोचा हात, त्याच्यापुढं टेबल, आणि भोवती पिवळा कठडा. कठड्याच्या आत जायला एक पायरी आणि एक छोटं फाटक. सगळी टेबलं उभ्यानं काम करायची. बसायला स्टूलसुद्धा नव्हतं, कारण स्टूल पायात येतं म्हणून नियमानं बंदी होती.

नियमाला अपवाद एक. चाचणी विभागाच्या प्रमुखांची चाकांची खुर्ची.

हे गृहस्थ सकाळी खुर्चीत बसत आणि पायानं ढकलत अख्ख्या दालनात फिरत. इकडची स्क्रीन, तिकडचं कपाट, मधेच कोणाच्या तरी पाठीमागे. मुलं त्यांना सिंहासन म्हणत. पायांना काही झालेलं नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली की जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचे.

"या, या," सिंहासन सरकत आले. "काय बघायचंय? सगळं साफ आहे. सेन्सर काढला, हात तिच्या बिंदूवर नेला, उंची मोजली. चौसष्टच्या जागी चौपन्न पूर्णांक सात. नऊ पूर्णांक तीनचा फरक. आकडा काही खोटं बोलत नाही."

"नाही," मोजपट्टी म्हणाली. "आकडा नाही बोलत."

"या पोरी येतात हो बाहेरून. मार्क बघाल तर छप्पर फाडून. हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की उलटा धरतात."

"हिनं धरला होता?"

"हिनं नाही, पण जनरल सांगतोय."

कठड्याला टेकून आणखी एक विद्यार्थी उभा होता. तोही इंटर्न, पण इथलाच. त्याच्या हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव नव्हता. तो साहेबांचा भाचा. इथं त्याला कोणी नावानं हाक मारत नसे, सगळे भाचाच म्हणत, आणि त्याचं इंटर्नशिपचं काम काय ते भाच्यालाही सांगता आलं नसतं.

"तू सोमवारी होतास इथं?" मोजपट्टीनं विचारलं.

"मी? हो. म्हणजे, होतो." त्यानं सिंहासनाकडं पाहिलं.

"काय केलंस?"

"विशेष काही नाही."

"ते दिसतंय. पण विशेष नसलेलं काय केलंस?"

"मॅडम, पोराला कशाला छळता," सिंहासन मधे पडले. "सोमवारी काही झालंच नाही. मंगळवारी पाहुणे यायचे होते, साफसफाई केली, बस."

मोजपट्टीनं रोबोची स्क्रीन उघडायला सांगितली. यंत्र आपल्यासोबत काय काय झालं ते टिपून ठेवतं, हात कधी थांबला, कधी चालू झाला, कोणी काय बदललं. पण जागा थोडी. शेवटचे दोनशे प्रसंग राहतात, जुने पुसले जातात.

तिनं यादी खालपर्यंत सरकवली. सगळ्यांत जुना प्रसंग बुधवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांचा. अपघात तीन वाजून पाच मिनिटांचा.

"अपघाताची नोंदच नाही?"

"पुसली गेली. मशीन आहे, होतं असं."

"साधारण दिवसात किती नोंदी होतात?"

"असतील दहा-बारा."

मोजपट्टीनं दोनशे ओळी वाचल्या. सगळ्या. सिंहासनांनी मध्ये दोनदा जांभई दिली. बंद, चालू, बंद, चालू. बुधवारी पावणेचार ते पाच या सव्वा तासात यंत्र ब्याण्णव वेळा बंद आणि ब्याण्णव वेळा चालू केलेलं होतं.

बोटानं कोणीतरी मन लावून सोमवार पुसला होता.

४

दुरुस्तीवाले काका कॅन्टीनच्या मागं भेटले. सहा फुटांच्या वर उंची, पाठीला किंचित बाक. दालनातल्या प्रत्येक यंत्राचं पोट त्यांनी उघडून पाहिलेलं होतं, आणि या कंपनीत कोणाशी बोलण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

"काका, सोमवारी तुम्ही रजेवर होतात."

"होतो. मुलीकडं गेलो होतो, तिच्या धाकट्याला ताप होता. ते पण विचारायचंय का, ताप किती होता?"

"किती होता?"

काकांनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "एकशे दोन."

"शनिवार-रविवार वीज नव्हती. रोबोला त्याचं काय होतं?"

"काही होत नाही. आत छोटी बॅटरी असते. वीज गेली तरी आपला हात कुठं आहे ते त्याच्या लक्षात राहतं."

"आणि बॅटरी संपलेली असेल तर?"

काकांनी कॅन्टीनच्या दाराकडं एक नजर टाकली. मग म्हणाले, "तीन वेळा लिहून दिलंय मी. बॅटरी बदला, बॅटरी बदला. कागद खुर्चीखाली गेला असेल. अहो, ते म्हणतात, चालतंय ना मग कशाला हात लावता."

"संपली असेल तर काय होईल?"

"झिरो जाईल. सोमवारी सकाळी चालू केला की स्क्रीनवर लाल पट्टी येईल आणि हात हलणारच नाही. त्याला कळतच नसतं खांदा कुठं आहे, कोपर कुठं आहे. मग एकेक सांधा त्याच्या झिरोच्या खुणेवर आणायचा आणि यंत्राला सांगायचं, बाबा रे, हा तुझा झिरो. त्याला केसाएवढा फरक दाखवणारं डायल गेज लागतं. ते माझ्या कपाटात असतं. कुलपात."

"सोमवारी कुलूप कोणी उघडलं?"

"कोणी नाही. किल्ली माझ्या खिशात, मी नातवाच्या उशाशी."

"गेज नसेल तर?"

"तर नुसत्या डोळ्यानं खुणा जुळवायच्या. पण असलं काम..." काकांनी वाक्य पुरं केलं नाही. जमिनीवर थुंकावं असं त्यांना वाटलं असावं, पण ते सभ्य गृहस्थ होते.

"मंगळवारी पाहुण्यांना काय दाखवलं?"

"नेहमीचंच. हात पेन धरतो, कागदावर गोल काढतो. दोन वर्षं झाली, तोच प्रोग्रॅम. पाहुणे टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवायला एवढी शिकलेली माणसं लागतात का, मला कळत नाही. या वेळेला पेन फसकन आत गेलं, अर्धा गोल झाला आणि शाई पसरली. सगळे हसले. पेन स्वस्तातलं होतं म्हणाले. मी नवं कोरं दिलं होतं, खोक्यातलं."

"त्या खोक्यात आणखी आहेत?"

"आहेत की. दहा."

मोजपट्टीनं एक नवं पेन घेतलं, साहेबांच्या टेबलावरचं जुनं आणलं, आणि पर्समधून व्हर्निअर काढलं. पर्समध्ये व्हर्निअर बाळगणाऱ्या बाईकडं काका आता आदरानं पाहत होते.

जुनं पेन नव्यापेक्षा सहा पूर्णांक चार मिलिमीटर आखूड भरलं.

"सेन्सर खांद्यापासून किती लांब होता?"

"सत्तर सेंटिमीटर."

"आणि पेनाचा कागद?"

"तो जवळ असतो. अठ्ठेचाळीस."

तिनं कॅन्टीनच्या कागदी रुमालावर भागाकार मांडला. सत्तरावर नऊ पूर्णांक तीन. अठ्ठेचाळीसवर सहा पूर्णांक चार. दोन्हीकडं एकच उत्तर येत होतं. दर दहा सेंटिमीटरला एक पूर्णांक तेहेतीस मिलिमीटर.

मुलीनं एक बिंदू चुकवला असता तर एकच बिंदू चुकला असता. इथं दोन वर्षं जुना गोलही खाली गेला होता, आणि जेवढं लांब तेवढं जास्त खाली, कलत्या फळीसारखा. चूक मुलीच्या बिंदूत नव्हती. चूक खांद्यात होती.

"काका, खांद्याच्या खुणा किती उंचीवर आहेत?"

"माझ्या हनुवटीएवढ्या. कठड्याबाहेरूनही दिसतात. का?"

"कोणाच्या डोळ्यांनी त्या जुळवल्या, ते खुणाच सांगतील," मोजपट्टी म्हणाली, आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

५

अडीच वाजता तिनं सगळ्यांना दालनात बोलावलं. साहेब आले ते घड्याळ बघतच. सिंहासन सरकत आले. भाचा मोबाइल खिशात घालून आला, आणि त्याच्यासाठी हे विशेषच होतं. काका आले. परदेशी मुलगी दाराशी उभी राहिली, तेव्हा मोजपट्टीनं तिला हातानं खूण करून कठड्याजवळ घेतलं.

हातात धरायच्या बटणांच्या पाट्यावरून काकांनी रोबोला झिरोवर नेलं. खांद्याच्या सांध्यावर, टेबलाकडं पाठ असलेल्या बाजूला, दोन कड्या होत्या. एक बाहेरची, स्थिर. तिला लागून दुसरी, दोन मिलिमीटर आत दबलेली, हातासोबत फिरणारी. दोन्हींवर एकेक आडवी रेघ. रेघा एका ओळीत आल्या की खांदा झिरोवर.

"सगळे कठड्याबाहेर रांगेत या," मोजपट्टी म्हणाली. "एकेकानं खुणेसमोर यायचं आणि मला सांगायचं, रेघा जुळल्यात का."

"हे काय बालवाडीचं चाललंय," साहेब म्हणाले, पण आले. "नाही जुळलेल्या. आतली वर आहे जरा."

"काका?"

"नाही. चांगलीच वर आहे."

"तू?"

"नाही, मॅडम," मुलगी म्हणाली. "एक मिलिमीटरपेक्षा जास्त."

"भाचेसाहेब?"

"नाही वाटत," भाचा पुटपुटला.

सिंहासन पायानं ढकलत खुणेसमोर आले. मान वर केली. एक डोळा मिटला. आणि वैतागून म्हणाले, "अहो जुळल्यात की! तंतोतंत आहेत. चारही जणांचे डोळे तपासून घ्या."



मोजपट्टीनं टेप काढला. "हलू नका. आहात तसेच बसा." तिनं जमिनीपासून सिंहासनांच्या डोळ्यापर्यंत अंतर मोजलं आणि मोठ्यानं वाचलं. "एकशे सोळा." मग खुणेची उंची. "एकशे छप्पन." मग कठड्याशी टेकलेल्या कपाळापासून खुणेपर्यंतचं आडवं अंतर. "साठ."

"मला कळलं नाही," साहेब म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

"भिंतीवरच्या घड्याळाकडं खालून बघितलं की काटा सरकलेला दिसतो, तेवढंच आहे हे. एक रेघ पुढं, एक दोन मिलिमीटर मागं. समोरून बघाल तर खरं दिसेल. खालून बघाल तर मागची रेघ खरोखर वर गेल्याशिवाय ती पुढच्या रेघेच्या ओळीत दिसणारच नाही. किती वर, तेही काढता येतं. डोळा साठ सेंटिमीटर लांब आणि चाळीस खाली, म्हणजे दोन मिलिमीटरला एक पूर्णांक तेहेतीस. सांध्याच्या मध्यापासून ही रेघ दहा सेंटिमीटरवर आहे. दहा सेंटिमीटरला एक पूर्णांक तेहेतीस. सत्तरला नऊ पूर्णांक तीन. या बाजूची रेघ वर गेली की त्या बाजूचा हात खाली जातो." ती थांबली. "तुमच्या अहवालातला आकडा बरोबर आहे, साहेब. फक्त तो मुलीचा नाही. तो यांच्या डोळ्याचा आहे."

"काहीतरीच!" सिंहासन उठले. खुर्ची मागं गेली आणि कपाटावर आदळली. "सेन्सरला धडक बसली तेव्हा खांदा सरकला असेल. हिच्यामुळंच!"

"पेन मंगळवारी मोडलं. धडक बुधवारी बसली."

"बरं, मग झिरो गेला असेल आणि कोणीतरी बसवला असेल. मीच कशावरून? वाकून कोणीही बघू शकतं. ही पोरगी वाकली असेल!"

"वाकणारा माणूस का वाकतो?" मोजपट्टीनं विचारलं. "रेघेच्या समोर यायला. डोळा रेघेच्या पातळीला आला की तो थांबतो. कोणीही चाळीस सेंटिमीटर जास्त वाकून, मान मोडून परत वर बघत नाही. ही मुलगी सरळ उभी राहिली असती तर तिचा डोळा रेघेच्या वर आला असता, आणि रोबोचा हात खाली जायच्या ऐवजी वर गेला असता. काकांचा तर आणखी वर. दोघांपैकी कोणी असतं तर सेन्सर आज शाबूत असता. खालून वर बघतो तो एकच. ज्याला उठायचा कंटाळा असतो."

भाच्याचा श्वास मोठ्यानं ऐकू आला.

"आणि कठड्याबाहेर बसून खुणा बघणाऱ्याला रोबोचा हात हलवता येत नाही," मोजपट्टी त्याच्याकडं न बघता म्हणाली. "त्याच्याकरता आत कोणीतरी पाटा धरून उभं लागतं. खालीवर करायला."

"मामा," भाचा म्हणाला.

"गप्प बस," साहेब म्हणाले.

"मामा, मीच बटण दाबत होतो. सोमवारी सकाळी. हे बाहेर बसून सांगत होते, जरा वर, अजून जरा, बस, थांब. मी म्हटलं, काकांना उद्या येऊ द्या. हे म्हणाले, उद्या पाहुणे आहेत, तुझ्या मामाच्या डोक्यावर खापर फुटेल. अपघात झाल्यावर मी तुम्हाला घरी येऊन सांगितलं. मामीसमोर सांगितलं."

साहेबांचा चेहरा ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला.

मोजपट्टीनं आत्तापर्यंत साहेब आणि सिंहासन या दोघांना आळशी समजलं होतं. आळशी माणसाचं एक असतं, तो निदान खोटं बोलायचे कष्ट घेत नाही. यांनी ते घेतले होते. एकानं सव्वा तास बटण दाबत सोमवार पुसला, दुसऱ्यानं चार पानी अहवालाखाली डोळे मिटून सही केली, आणि दोघांनी मिळून निवडली ती इमारतीतली एकुलती एक मुलगी, जिचा मामा इथं कोणी नव्हता.

६

सव्वातीनला साहेबांनी तिला बाजूला घेतलं. आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता.

"मॅडम, ताणण्यात काय अर्थ आहे? फॉर्म फाडून टाकू. मुलगी राहील. आपण लिहू, तांत्रिक कारणानं गैरसमज झाला. तिनं एक ओळ लिहून द्यायची, की तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तुमच्या विभागप्रमुखांशी मी बोलतो."

"फॉर्म फाडायचा नाही. त्यावर अनुक्रमांक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो जाणार. बरोबर चार वाजता. रद्द करा आणि पुढे चालू, असे दोन चौकोन आहेत त्यावर. तुमचा बाण वरच्यावर आहे. मी खालच्यावर खूण करणार. निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असं खाली छापलंय. तेवढ्यापुरतं मला यंत्र हवंय."

"आणि सोमवारचं?"

"ते माझ्या अहवालात. तो वेगळा कागद आहे. त्याला बाण नाही."

साहेबांनी कॉलेजला फोन लावला. मोजपट्टीच्या पर्समधला फोन दोन मिनिटांनी वाजू लागला, आणि वाजत राहिला. तिनं पर्स बंद करून खिडकीत ठेवली.

काकांनी कुलूप उघडून डायल गेज आणलं. बॅटरी नवी घातली. खांद्यावर गेज बसवलं, काटा बघत सांधा केसभर केसभर सरकवला, आणि यंत्राला त्याचा झिरो सांगितला. भाचा न सांगता टॉर्च धरून उभा राहिला होता. सिंहासन दालनात नव्हते. खुर्ची होती, भिंतीकडं तोंड करून.

"तू चालव," मोजपट्टी मुलीला म्हणाली.

"शुक्रवारचा प्रोग्रॅम?"

"तोच. काही बदलू नकोस."

"आणि जर..." मुलीनं पाटा दोन्ही हातांत धरला. अंगठा बटणावर होता आणि हलत नव्हता. "मॅडम, जर चौसष्ट आलं नाही तर?"

"तर जे येईल ते लिहीन."

मुलीनं मान हलवली. हे उत्तर तिला पटलं असावं, कारण अंगठा खाली गेला.

रोबोचा हात उचलला गेला, वळला, टेबलावर आला, सावकाश खाली उतरला आणि थांबला. सगळे आपापल्या जागी उभे होते. काकांनी उंची मोजायचं गेज टेबलावर सरकवून हाताच्या टोकाखाली लावलं, वाचलं, काढलं, पुन्हा लावलं आणि पुन्हा वाचलं. मग बाजूला झाले. मोजपट्टीनं स्वतः वाकून, डोळा काट्याच्या समोर आणून वाचलं.

चाराला सहा मिनिटं कमी असताना तिनं खालच्या चौकोनात खूण केली, सही केली, आणि निष्कर्षाच्या रकान्यात एक ओळ लिहिली.

शिकवलेली उंची ६४.०० मिलिमीटर. मोजलेली उंची ६४.०२ मिलिमीटर.